फोटोतली चार बोटं

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे, न्यू जर्सीत जन्मले आणि इथंच वाढले. घरात आईशी मराठीच बोलते त्यामुळे बोलायला काही वाटत नाही, लिहिताना मात्र मी फोनला सांगते आणि तो टाइप करतो, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

माझी आई नाशिकची, डॅड अमेरिकन. अमेरिकन म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर जो माणूस येतो तसाच डॅड साधारण दिसतो, उजळ, घाऱ्या डोळ्यांचा. पण डॅड ब्लॅक आहे. त्याचे आईवडील दोघंही ब्लॅक, मूळ लुइझियानाचे, तिथं पिढ्यान्‌पिढ्या इतकी सरमिसळ झालीये की एकाच घरात एक भाऊ उजळ आणि दुसरा काळा हे कुणाला नवल वाटत नाही. माझी ग्रँडमा, म्हणजे डॅडची आई, तिच्याकडे बघितलं की लगेच कळतं. डॅडकडे बघून कळत नाही, माझ्याकडे बघून तर नाहीच नाही, मी आपली चारचौघींसारखी इंडियन दिसते. केस तेवढे स्प्रिंगसारखे आहेत, दाट, पावसात दुप्पट होणारे.

याचा मला दोन्हीकडून त्रास होतो. इंडियन मित्रमैत्रिणी माझ्यासमोर बिनधास्त "काळ्यांची वस्ती आहे ना ती, तिकडे घर नको घेऊ" असलं काहीबाही बोलतात, त्यांना वाटतं आपलीच आहे, आणि मी फोनमध्ये डोकं घालून बसते. आणि कॉलेजात ब्लॅक स्टुडंट्सच्या ग्रुपमध्ये गेले तर एकीने अगदी प्रेमाने विचारलं की तू कुणाला भेटायला आलीयेस का.

आता डिसेंबरात नाशिकला माझ्या मावसबहिणीचं लग्न आहे. मावशीचा फोन आला, म्हणाली केस तेवढे सरळ करून ये गं, फोटो छान येतात, आणि डॅडबद्दल कुणी विचारलंच तर अमेरिकन म्हण, पुढचं कोण विचारतंय, मुलाकडची माणसं जुन्या वळणाची आहेत, उगाच विषय नको. आजी मागून म्हणाली, कशाला सांगायचं, कुणाला दिसतंय का! आई गप्प. त्यात ग्रँडमाला लग्नाला यायचंय. ती ७६ वर्षांची आहे, यूट्यूबवर बघून साडी नेसायला शिकलीये, मला व्हिडिओ कॉलवर निऱ्या दाखवते. आईने तिला सांगितलं की व्हिसाला फार वेळ लागतो, या वेळी जमणार नाही. ग्रँडमा म्हणाली ओके बेबी, आणि साडीची घडी घालायला लागली.

अजून एक गोष्ट, ती मी आजपर्यंत कुणाला सांगितलेली नाही. आजीच्या शोकेसमध्ये आईडॅडच्या लग्नाचा फोटो आहे. आमच्या घरी तोच फोटो मोठा आहे, त्यात डॅडशेजारी ग्रँडमा आहे, पिवळ्या ड्रेसमध्ये. आजीकडच्या फोटोत ती कापलीये. पण तिचा हात डॅडच्या खांद्यावर होता, त्यामुळे चार बोटं राहिलीयेत. ती कापली असती तर डॅडचा खांदा गेला असता.

ताई, मी काय करू? लग्नात गप्प राहू का? मला स्वतःला ब्लॅक म्हणायचा हक्क तरी आहे का, मला तर कधी कुणी दुकानात मागे मागे फिरून बघितलं नाही, पोलिसांनी अडवलं नाही. आई म्हणते फॉर्मवर एशियन लिही आणि मोकळी हो.
- एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला त्या बोटांपाशी थांबले. तू विचारलंयस तुझ्याबद्दल, पण मी आधी ग्रँडमाबद्दल बोलणार आहे, कारण डिसेंबर काही फार लांब नाही आणि तुझी ओळखबिळख पुढच्या महिन्यात ठरवली तरी चालेल, तिचं तिकीट आत्ताच काढावं लागेल.

व्हिसाची थाप तिने ओळखलीये, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. अमेरिकन पासपोर्टवर भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसाचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन भरता येतो, आणि जी बाई यूट्यूबवर निऱ्या घालायला शिकली तिला हे शोधायला किती वेळ लागेल? शिवाय तिचं वय बघ. ७६ म्हणजे वर्णभेदाला बंदी घालणारा १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला तेव्हा ती शाळेत होती, लुइझियानात वाढली असेल तर गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, बसमध्ये बसायची जागा वेगळी, हे सगळं तिने स्वतः बघितलंय. ज्या बाईला लहानपणापासून दारं बंद होताना ऐकू आलीयेत तिला "व्हिसाला वेळ लागतो" हा कसला आवाज आहे ते कळत नसेल? ती ओके बेबी म्हणाली ती तुझ्या आईची लाज राखायला म्हणाली. आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपलं बघ, की त्या घरात सगळ्यांची लाज राखायचं काम त्या म्हाताऱ्या बाईकडे आलंय.

तू आणि डॅड, तुम्ही दोघं न बोलता त्या मांडवात खपून जाल. ती नाही खपणार. म्हणजे तुझं गप्प राहणं हे तुझ्यापुरतं गप्प राहणं नाहीच, त्याचं बिल तिच्या नावावर फाटतंय. म्हणून माझं स्पष्ट मत, ग्रँडमाला यायचं असेल आणि तब्येत साथ देत असेल तर ती आलीच पाहिजे, यावर मावशीशी वाटाघाट नको. लग्न मावशीच्या घरचं आहे, पाहुणे कोण ते ती ठरवणार, हे मान्य. मग तिने तोंडाने म्हणावं की तुझ्या सासूबाई नकोत. मला वाटतं तिला ते म्हणता येणार नाही, असली वाक्यं मोठ्याने बोलायची वेळ आली की आपली माणसं अडखळतात, ती चालतात तोवरच चालतात जोवर दुसरं कुणी परस्पर व्हिसाचं कारण देऊन काम भागवतंय. आणि समजा म्हणालीच, तर तुम्ही तिघांनी जायचं का हे डॅडला ठरवू दे, आई त्याची आहे.

पण मावशीला फोन तू करायचा नाहीस. तुझ्या आईने करायचा. तू पत्रात आईवर फार थोडं लिहिलंस, आई गप्प, आईने दिलेलं व्हिसाचं कारण आणि आई म्हणते एशियन लिही, पण खरी गोची तिथंच आहे. लग्न ठरवताना तिने माहेरी "अमेरिकन आहे" एवढंच सांगितलं असणार, समोरच्यांनी सोयीचं ते ऐकलं, आणि मग दरवर्षी ते दुरुस्त करणं आणखी अवघड होत गेलं. तिला ब्लॅक माणूस चालला, अख्खा संसार केला त्याच्याशी, म्हणजे तिच्या मनात काळंबेरं आहे असं मी म्हणणार नाही, पण माहेर तुटेल ही भीती काय असते ते मला विचार. तिच्यावर चिडून जाऊ नकोस. रात्री जेवणं झाल्यावर तिच्याशेजारी बस आणि तो फोटो काढ, तुमच्या घरचा, आणि विचार की आजीकडे यातली ग्रँडमा कापलीये हे तुला माहीत होतं का. एवढंच विचार आणि थांब, उत्तर यायला वेळ लागेल, मध्ये बोलू नकोस.

आता तुझा हक्काचा प्रश्न. लुइझियानाचीच गोष्ट आहे, तुझ्या डॅडला नक्की माहीत असेल. होमर प्लेसी नावाचा माणूस १८९२ साली न्यू ऑर्लिन्सला आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. आठ पणजोबा-पणज्यांपैकी एक काळं, असा त्याचा हिशेब, दिसायला गोराच. तिथल्या लोकांनी त्या वेगळ्या डब्यांच्या कायद्याला कोर्टात आव्हान द्यायचं म्हणून ठरवूनच त्याला बसवला होता आणि मजा बघ, म्हणजे मजा कसली, नुसता बघून कुणाला काही कळलंच नसतं म्हणून विचारायचं कुणी आणि अटक करायची कुणी हे सगळं आधी जुळवून ठेवावं लागलं. त्याने तोंडाने सांगितलं की मी कलर्ड आहे आणि मग त्याला उतरवलं. १८९६ ला सुप्रीम कोर्टात तो केस हरला आणि वेगळे डबे, वेगळ्या शाळा पुढची पन्नासाहून जास्त वर्षं कायदेशीर राहिल्या. पुढे १९२४ साली व्हर्जिनियाने तर कायदाच केला की गोऱ्या नसलेल्या रक्ताचा मागमूस असला तरी तो माणूस गोरा नाही. तेव्हा कोण कसा दिसतो याला त्या कायद्यांत फार किंमत नव्हती गं, कागद आणि घराणं बघायचे. तुला वाटतंय की दिसत नाही म्हणजे आपण तोतया, पण तुझ्यासारखे न दिसणारे लोक या गोष्टीत पहिल्यापासून आहेत, डॅडच्या घराण्यातही आहेत.

फॉर्मचं म्हणशील तर २००० सालच्या जनगणनेपासून एकापेक्षा जास्त चौकोनांवर खूण करायची सोय आहे आणि २०२० ला ३ कोटी ३८ लाख लोकांनी तशी केली. तू दोन्हीवर कर, प्रश्न संपला. आईला गंमत म्हणून सांग की १९७० च्या जनगणनेत अमेरिकेतले भारतीय गोऱ्यांमध्ये मोजले होते आणि १९८० ला त्यांचा वेगळा रकाना झाला, तेव्हा एशियन लिहून मोकळी हो म्हणतेय ते मोकळेपण तिच्या जन्माच्या आसपासचंच आहे. पण चौकोन वेगळा आणि अनुभव वेगळा. तुला दुकानात कुणी मागे येऊन बघत नाही, हे तू स्वतःहून लिहिलंस ते मला आवडलं, ते तसंच बोलत जा. ब्लॅक मैत्रिणींमध्ये बसशील तेव्हा "माझे डॅड ब्लॅक आहेत, माझ्याकडे बघून कळत नाही, त्यामुळे तुम्हाला जे भोगावं लागतं ते मला लागत नाही" एवढं सरळ सांगितलंस तर त्यात चोरल्यासारखं काही उरत नाही. एखादी स्कॉलरशिप असेल तर तिची अट नीट वाच, बस्स.

आणि डॅडशी बोललीयेस का तू? पत्रात तो सगळीकडे आहे आणि एक वाक्य बोलत नाही. हा माणूस आयुष्यभर गोऱ्यांच्या घोळक्यात उभा राहून आपल्याच आईबद्दल काय काय ऐकत आला असेल, फोनमध्ये डोकं घालून बसण्यात तो तुझा सीनियर आहे. गाडीत विचार, समोरासमोर नको, गाडीत बाप लोक बरे बोलतात.

दडवण्याची किंमत काय असते त्याची एक गोष्ट तर आपल्या मुंबईची आहे. मर्ल ओबेरॉन, जन्म १९११, मुंबई, मिश्र रक्ताची, हॉलिवूडमध्ये एवढी मोठी नटी झाली की १९३५ च्या सिनेमासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा, आईवडील गोरे, असं जगाला सांगितलेलं, आणि जिला ती आई म्हणून ओळखत होती ती सावळी बाई घरी कुणी आलं की मोलकरीण म्हणून वावरायची असं सांगतात. १९७९ ला गेली तोवर हे गुपित तिने सोडलं नाही. आता आजीच्या शोकेसकडे बघ. तिथं मोलकरीण नाही केली, बोटं केली.

मावशीला मी खलनायिका करत नाहीये हं. आपल्याकडे ही हौस फार जुनी. माझ्या स्वतःच्या स्थळाच्या कागदावर "वर्ण गव्हाळ" लिहिलं होतं, मी गव्हाळ कशी ते त्या गव्हालाच माहीत. भगतसिंग थिंद म्हणून एक गृहस्थ होते, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते, त्यांनी तर अमेरिकन सुप्रीम कोर्टात वाद घातला की मी उच्च जातीचा आर्य म्हणजे गोराच, मला नागरिकत्व द्या. १९२३ ला कोर्ट म्हणालं नाही. त्यांचंही सगळं म्हणणं हेच होतं ना, आम्हाला त्या दुसऱ्यांच्यात मोजू नका. आणि ज्या समाजात आडनाव ऐकल्याशिवाय माणसाला कुठं बसवायचं ते ठरत नाही, ज्या समाजात कितीतरी लोकांनी आडनावं बदलून नोकऱ्या केल्या, घरं भाड्याने घेतली, तिथं न दिसणारी ओळख म्हणजे काय हे समजावून सांगायची गरजच नाही, सगळ्यांना माहितीये. पण आजीला दुसरी बाजूही सांग. आपल्याच जोतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये गुलामगिरीवरचं पुस्तक लिहिलं आणि ते कुणाला अर्पण केलं, तर अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामी संपवायला झटलेल्या माणसांना. नाशिकच्या आजीला जोतिबा माहीत असतीलच.

लग्नात माइक घेऊन जाहीर करायची काही गरज नाही, ते नवरीचं लग्न आहे. कुणी काही विचारलं नाही तर तूही काही बोलू नकोस, त्यात काही चूक नाही. पण कुणी विचारलं "वडील गोरे का?" तर हो म्हणायचं नाही. "नाही, ब्लॅक आहेत, ते काय तिकडे उभे आहेत, या ओळख करून देते" असं म्हणून चालायला लागायचं, आवाज चढवायचा नाही आणि पाडायचाही नाही. आरशासमोर आधी चारदा बोलून बघ, मराठीत बोलून बघ, कारण इंग्लिशमध्ये हे तू शंभरदा बोलली असशील, मराठीत बहुतेक एकदाही नाही. केस मोकळे ठेव नाहीतर बांध, तुझी मर्जी, पण सरळ करू नकोस. न्यू जर्सीत २०१९ पासून असल्या केसांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, आणि मावशीला तो कायदा लागू नाही हे मला माहितीये, तरी सांगितलं.

एक मधलंच, पण महत्त्वाचं. डॉक्टरकडे ही गोष्ट कधीही लपवायची नाही. अमेरिकेत दर १३ ब्लॅक बाळांमागे एकात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा गुण असतो, आणि आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासींमध्येही तो आढळतो. तुझ्या जन्माच्या वेळची तपासणी झाली असेल तर रिपोर्ट आईकडे माग, नसेल तर साधी रक्ततपासणी आहे, करून टाक, उद्या लग्न आणि मुलंबाळं म्हणशील तेव्हा लागेल.

आणि जाताना तुमच्या घरचा तो मोठा फोटो प्रिंट करून फ्रेमसकट ने. आजीला दे. ती कुठं लावते ते बघू.

प्रश्न : ताई, मी टेक्सासला राहते, नवरा गोरा. मुलगा सात वर्षांचा, सोनेरी केस, निळे डोळे, माझं एक नखसुद्धा घेतलं नाहीये त्याने. पार्कात लोक मला त्याची आया समजून विचारतात किती तास काम करतेस इथं. माझी आई व्हिडिओ कॉलवर म्हणते बरं झालं बाई, आपल्यावर नाही गेला. परवा तो शाळेच्या गेटवर म्हणाला, मम्मा इथं मराठी नको बोलू. रात्री खूप रडले.
- एक आई

उत्तर : रडलीस ते ठीक, पण त्याच्यावर रुसू नकोस, सात वर्षांच्या पोराला चारचौघांत वेगळं दिसायचं नसतं एवढंच आहे ते. गेटवर इंग्लिश बोल, हरकत नाही, गाडीचं दार लागलं की मराठी. असा दोघांचा नियम करा, पोरांना नियम आवडतात. त्याला हेही कळू दे की तो अर्धा तुझा आहे हे लोकांना दिसत नाही आणि म्हणून त्याला ते सांगावं लागणार, "ही माझी आई आहे" हे वाक्य त्याच्या तोंडून येऊ दे, पार्कातल्या बायकांना तू शंभर वेळा सांगून जे होणार नाही ते त्याने एकदा तुझा हात धरून म्हटलं की होतं.

आईला मात्र तू थेट सांग की त्याच्या कानावर पडेल असं हे परत बोलायचं नाही. त्याला मराठी कळतं, हे ती विसरतेय. आपल्यावर गेला नाही ते बरं झालं, हे रोज ऐकणाऱ्या पोराने शाळेच्या गेटवर दुसरं काय शिकायचं?

आणि तू एकटीच त्याला घेऊन विमानाने देशाबाहेर जाणार असशील तर नवऱ्याचं सहीचं संमतिपत्र, शक्यतो नोटरी केलेलं, आणि मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत बॅगेत ठेव. एकटे आई किंवा वडील मुलाला घेऊन जात असतील तर असं पत्र जवळ ठेवा असं अमेरिकेचे सीमाशुल्कवालेही सांगतात, आणि तुमच्या बाबतीत काउंटरवरचा माणूस एकदा तुझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघणार हे आपल्याला आधीच माहितीये. पासपोर्टच्या कव्हरमध्येच घालून ठेव, शोधाशोध नको.